देवाजीची हाक

माझे वडील देवाजी हुडकेश्वरात हातमागावर लुगडी विणत आणि दर शनिवारी शहरात इतवारीच्या बाजारात नेऊन विकत. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते कोल्हे बोलावण्यासाठी. दोन्ही तळव्यांची पोकळी करून ते तोंडाशी धरत आणि सापळ्यात अडकलेल्या सशासारखं ओरडत. अर्ध्या कोसावरचा कोल्हा धावत येई. ही विद्या माझ्या आजोबांची. शिकारीला आलेल्या साहेबांसाठी, जमीनदार मालगुजारांसाठी आजोबा आणि पुढं वडीलही कोल्हे बोलावत आणि शिकार झाली की दूर जाऊन उभे राहत. छप्पन साली आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसापासून वडिलांनी गावची मेलेली गुरं ओढणं सोडलं, तसं दुसऱ्याच्या बंदुकीसाठी हाक मारणंही सोडलं.

सहासष्ट सालच्या जानेवारीत मी पंचवीस वर्षांची होते, शहरातल्या दवाखान्यात नर्स. त्या महिन्यात गावात एक पिसाळलेला कोल्हा शिरला. डावा कान फाटलेला, म्हणून सगळे त्याला ओळखत. संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्या नत्थूच्या गालाला तो भरदिवसा चावला. नत्थूनं पोटातली चौदा इंजेक्शनं पुरी केली नाहीत. सतराव्या दिवशी माझ्याच वॉर्डात, पाण्याचा पेला पाहून थरथरत तो गेला. तोवर आणखी तिघांना चावा बसला होता. एकविसाव्या दिवशी विहिरीवर पाणी भरणाऱ्या गोपिकाबाईंचा कोल्ह्यानं पाय धरला.

मी सुट्टीवर घरी आले होते, त्यामुळे ती जखम मीच धुतली. पिसाळलेलं जनावर दहा दिवसांपलीकडे जगत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. मी मनाशी म्हटलं, कोल्हे दोन असावेत. पण जखमेला लाळ अजिबात नव्हती. दातांच्या खुणांमध्ये बारीक, कोरडी माती होती.

त्याच दुपारी बापूजी आमच्या दारात आले. गावचे जुने मालगुजार; परवान्याची बंदूक त्यांच्याकडेच होती. आमच्या वस्तीत त्यांनी याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. वडील मागावरून उठले नाहीत. धोटा एकदा पलीकडे फेकून मगच म्हणाले, बसा. बापूजी बाजेवर बसले. तीन दिवस माणसं घेऊन बसलो, तो काही समोर येत नाही, असं त्यांनी सांगितलं.

"तूच बोलावशील तर येईल गा, देवाजी."

वडिलांनी अट घातली. बंदुकीच्या मागं नाही, बंदुकीच्या बाजूला उभा राहीन. आणि आमच्या घरचं पाणी प्यावं लागेल.

मी माठातून पाणी दिलं. बापूजींनी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि रिकामा केला. दाराबाहेर निम्मं गाव उभं होतं. रिकामा पेला मी दारातच ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

मावळतीला दिवस कासराभर वर असताना आम्ही नाल्याकाठच्या तुरीच्या वावरात गेलो. तूर काढून झाली होती. जमिनीवर वाळका पाला पसरला होता. चालताना तो पायाखाली कुरकुरत होता. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बापूजी बंदूक घेऊन उभे राहिले, शेजारी वडील. लोक मागं थांबले. मला वडिलांनी जवळ उभं केलं.

त्यांनी सशाची हाक दिली. थोड्या वेळात बोरीच्या झुडपातून एक कोल्हा आला, मग दोन, मग नाल्यातून आणखी. मी नऊ मोजले. सगळ्यांचे कान धड होते. एवढी माणसं दिसत असूनही ते पळाले नाहीत. वावरात ओळीनं बसले.

"तो यात नाही," बापूजी हळूच म्हणाले.

"त्याले भूक नाही," वडील म्हणाले. "सशाच्या आवाजानं तो नाही येत."

मग त्यांनी तळवे खाली घेतले आणि दुसरी हाक दिली. ती मी कधी ऐकली नव्हती. आवाज मोठा नव्हता. शेजारच्या खोलीतल्या माणसाला जेवायला बोलवावं, तेवढाच.

झाडांवरचे पोपट गप्प झाले.

नऊही कोल्हे उठले आणि दोन बाजूंना सरकले. मधे वाट झाली.

त्या वाटेनं तो आला. मान खाली. डावा कान फाटलेला. वाळक्या पाल्यावरून चालत होता आणि पाला वाजत नव्हता.

बापूजींनी गोळी झाडली. तो पडला.

बाकीचे हलले नाहीत. वडिलांनी हात केला, तेव्हा उठून नाल्यात उतरले.

हातमोजे घालून मी पुढं गेले. धूड तपासणीला न्यायचं होतं. गोळी छातीत घुसली होती. रक्त नव्हतं. पाय लाकडासारखे ताठ. डोळ्यांच्या जागी मुंग्यांच्या वारुळातली माती. उचललं तर टोपलीइतकं हलकं.

मागं वळून पाहिलं. साऱ्या गावासमोर बापूजींनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला होता. वडील ताठ उभे होते.  मी पोत्याचं तोंड बांधलं. त्या रात्री बापूजी आमचं पाणी प्याले, हे वडील येईल त्याला सांगत होते.

सकाळी शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी पोतं उघडलं आणि माझ्याकडे रागानं पाहिलं. हे जनावर मरून दहा-बारा दिवस झालेत, म्हणाले. मेलेल्यावर गोळी कोणी घातली? 

घरी आले तेव्हा वडील मागावर होते. डॉक्टरांचं बोलणं मी त्यांना सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"माहीत आहे मले. बारा दिवसांमागं नाल्यात मरून पडलेला मीच पाह्यला होता. त्याच्यानंतरच गोपिकाबाईले चावला नं तो."

मी विचारलं, मग ती दुसरी हाक कसली होती?

"माह्या बापाची. त्यानं एकदाच मारली होती. माही माय गेली तवा." बापूजी आमचं पाणी प्याले हे सांगताना जो आवाज होता, त्याच अभिमानाच्या आवाजात वडील बोलत होते. "सांजेले आली. चुलीपाशी बसली. मी लहान होतो, मले मांडीवर घेतलं तिनं. रातभर घेऊन होती. बापानं सकाळी तिची बोटं एकेक करून सोडवली, तवा कुठं मी सुटलो."