जालिंदरच्या पेशी

तुरीवर झुंजविषाणू फवारला की दुसऱ्याच दिवशी शेतात अळ्यांची कत्तल सुरू व्हायची. शेंगा सोडून अळ्या एकमेकींना फाडून खायच्या, फुटायच्या, आणि पानांवरून काळं पाणी गळायचं. औषध संपलं की लोक मेलेल्या अळ्या गोळा करून मिक्सरमध्ये वाटायचे आणि तेच पाणी गाळून पुन्हा फवारायचे. साळूबाई दहातोंडेचा थोरला, जालिंदर, हे काम उघड्या हातांनी करायचा. तोंडाला फडकं बांधायचाही त्याला कंटाळा.

त्याच जालिंदरने बांधावरच्या भांडणात धाकट्या रंगनाथचं डोकं फावड्याने फोडलं. भाऊ पडल्यावरही तो घाव घालतच राहिला. साळूबाईने ते डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून तिने एकच धोशा लावला: माझ्या लेकाला अळीचा रोग झालाय.

रोग सिद्ध झाला तर कोर्ट त्याला सोडणार होतं. म्हणून त्याच्या नाकातून काढलेल्या मज्जापेशी प्रयोगशाळेत आल्या, आणि पाठोपाठ साळूबाईही.

झुंजविषाणू घडवणाऱ्या डॉ. इंद्रायणी लोखंडे यांनी तिला आधी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर अळीच्या जिवंत पेशी दाखवल्या.

"मावशी, हे हिरवे ठिपके म्हणजे विषाणू. त्यात चमकणारं प्रथिन घातलंय, म्हणून तो जाईल तिथे दिसतो."

ठिपके एका पेशीत घुसले, मधल्या केंद्रात दाटले. पेशी फुगली, टरकन फुटली, आणि ती हिरवी धाड शेजारच्या पेशींवर पडली.

"आता माझ्या जालिंदरचं दावा, बाई."

पडद्यावर अंधार झाला. करड्या पेशी गुपचूप पडून होत्या.

"दिवा लावा की."

"लागलाय, मावशी. माणसाच्या पेशीत याला थारा मिळत नाही. जालिंदरला कसलाही रोग नाही." आपल्या विषाणूवरचा आळ टळला म्हणून डॉक्टरीणबाईंचा जीव भांड्यात पडला होता. साळूबाईला ते झोंबलं.

म्हणजे मारणारा तिच्या पोटचा जालिंदरच होता, चांगला शुद्धीवर असलेला. तरी तिने बाईंचा हात घट्ट धरला.

"त्या अळीतला एक थेंब याच्यात टाका, बाई. पाया पडते. एक तरी लेक घरी येऊ द्या."

"आणि तो आला तर? घरात कोण आहे आता?"

"म्या हाय," साळूबाई म्हणाली. "आन् रंगनाथची पोरं."

पोटच्या पोराची भीती तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटली. धरलेला हात तिने सोडून दिला.