डावा की दायाँ

"झोका चढला आभाळी, दोरी आवळू नको गं… पायाखाली भुई आहे, तिला विसरू नको गं…"

दिल्लीत, करोल बागेतल्या आमच्या गच्चीवर नागपंचमीला झोका देताना कौशल्याआत्या हे गायची. मी भिऊन दोरी गच्च ओढायचे, आणि ती हसायची.

उन्मेष सरांशी माझी ओळख झाली थालीपिठामुळे. हरयाणात, मोहरीच्या शेतांमधल्या आमच्या फ्लाइंग क्लबात मी आईवर फोनवर वैतागत होते, "थालीपीठ नको देऊ यार, इथे कोण खाणार?"

"विचारलंय का कुणाला?" मागून मराठीत आवाज आला.

वळून पाहिलं, तर साताऱ्याहून आलेले नवे इन्स्ट्रक्टर! त्या दिवसापासून डबा दोघांचा झाला. पण मराठी फक्त जमिनीवर. विमानात इंग्रजीच, हा नियम त्यांचाच.

तो त्यांनीच मोडला. मी स्टॉल शिकत होते. नाक नको तितकं वर गेलं की पंख हवा धरत नाहीत, विमान कोसळू लागतं, तिथून सावरायचं. धोक्याचा भोंगा कण्हायला लागला, आणि उजवा पंख एकदम खाली पडला.

"डावा! डावा!" सर ओरडले.

मी पायाखालचं, विमान वळवायच्या रडरचं उजवं पेडल दाबलं. दिल्लीत वाढलेले माझे कान… 'डावा' त्यांना हिंदीतला 'दायाँ', म्हणजे उजवाच वाटला.

खालची मोहरी गरगर फिरली, पिवळा भोवरा नुसता!

"सोड! माझ्याकडे दे!"

त्यांनी विमान सावरलं. उतरल्यावर डबा न उघडताच ते ऑफिसकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझ्या नावापुढे दुसऱ्या इन्स्ट्रक्टरचं, सुनीती मॅडमचं नाव. बदल सरांनीच मागून घेतला होता. मी त्यांना गाठलं.

"इतकी वाईट उडवते मी?"

"तसं नाही, क्षिप्रा."

"मग कसं?"

त्यांनी नजर चुकवली. "आज स्टॉल जमला नाही, तर एकटीनं उडायची परवानगी मिळणार नाही. तेवढंच डोक्यात ठेव."

डोक्यात तेवढं सोडून सगळं होतं. मॅडमबरोबर वर गेले. भोंगा कण्हला, हातातली स्टिक थरथरली, आणि पुन्हा तोच पंख पडला. हात ओढायलाच धावले—

दोरी आवळू नको गं…

मी स्टिक सैल सोडली. नाक शेतांकडे झुकलं. डावा पाय… हो, डावाच! पंखांनी हवा धरली, आणि क्षितिज मुकाट जागेवर आलं.

"बिल्कुल ठीक," मॅडम म्हणाल्या. "कल सोलो."

खाली सर उन्हात उभे होते, चेहरा पांढराफटक.

"उद्या सोलो," मी म्हटलं. त्यांनी कोंडलेला श्वास सोडला. "आता तरी सांगा. मला दुसऱ्याकडे का दिलंत?"

"बाकीच्यांचा पंख पडला, की मी शांतपणे 'लेफ्ट रडर' म्हणतो." ते बुटाच्या टोकानं माती उकरत राहिले. "तुझा पडला, आणि इंग्रजीच आठवेना. मी असा घाबरतो तो फक्त घरच्या माणसांसाठी… असा माणूस तुझ्या शेजारी बसायला नको."

"पण मी घरची कधीपासून?"

"थालीपिठापासून."

"सर, नीट सांगा ना."

"हिंदीत सांगू? मराठीत सांगितलं, की तू उलटंच ऐकतेस."

"मराठीतच. आता कळतं मला."

ते हसले. मग हसू विरलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर हलवली नाही.

"क्षिप्रा… मला तू आवडतेस. फार."