जोडीदाराची हाक

घड्याळजीने माळ्यावरच्या खोलीत खाणीची छोटी, हुबेहूब आगगाडी उभी केली होती. रूळ, बोगदा, डबे भरायची टाकी, सगळं मिळून टेबल एवढं पसरलं होतं की भोवती स्टूल ठेवायलाही जागा नव्हती. तो उभ्यानेच काम करी. रविवारी दुकान बंद, जेवण झालं की तो वर. बायको म्हणे, "यांचे दोन संसार. मोठा वरचा."

यंदाचं डिझेल इंजिन मात्र वडिलांसाठी होतं. बाबा खाणीच्या लाइनीवर ड्रायव्हर होते. आता अंथरुणाला खिळलेले. बोलणं कमी, खाणं त्याहून कमी. आपलं इंजिन बघून म्हातारा निदान उठून बसेल, एवढीच त्याची आस. म्हणून त्याने कसर ठेवली नाही. कठडे तांब्याच्या तारेचे, जाळ्या जुन्या गाळणीतून कापलेल्या. नवंकोरं दिसू नये म्हणून खऱ्या कोळशाची पूड ब्रशाने माखली. केबिनमध्ये बाबांचा जोडीदार, म्हणजे त्यांचा मदतनीस ड्रायव्हर, बसवला, तांदळाच्या दाण्याएवढा. ड्रायव्हरला बाबांची मिशी जमेना, म्हणून ती खुर्ची रिकामी राहिली.

इंजिन खाली नेऊन दाखवलं, तेव्हा बाबांनी पडल्यापडल्याच चष्मा लावून केबिनमध्ये डोकावून पाहिलं.

"याला बसवलंस. मी कुठाय?"

"मिशी जमत नाहीये तुमची. पुढच्या रविवारी बसवतो."

बाबा हसले नाहीत. "त्या दिवशीही मी खाली होतो. ब्रेकचा पाइप बघायला उतरलो, आणि मागनं डबे सुटून आले. तो एकटाच वर होता."

जोडीदार अपघातात गेला हे घड्याळजीला ठाऊक होतं. एकटा होता, हे आज कळलं.

"काढू का याला?"

"आता बसलाय ना तो..." बाबांनी चष्मा काढून ठेवला.

ड्रायव्हर लोकांचा एक नियम असतो. सिग्नल दिसला की जोडीदाराने रंग मोठ्याने सांगायचा आणि ड्रायव्हरने तोच परत म्हणायचा. म्हटल्याशिवाय गाडी हलवायची नाही. बाबांना ही सवय इतकी जडली होती की आई म्हणाली, "मीठ संपलंय," की हेही म्हणत, "मीठ संपलंय." आई कपाळावर हात मारून घेई.

पुढच्या रविवारी दुपारीच अंधारून आलं. घड्याळजी वर मिशी रंगवत होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आधी वास आला, डिझेलचा. त्याच्या इंजिनात तर विजेची मोटर होती. मग टेबलावरच्या इंजिनातून, कुणी बंद डब्यात बोलावं तसा आवाज आला.

"हिरवा..."

हातातला ब्रश थांबला. भास झाला असेल, असं तो स्वतःला समजावतो न समजावतो तोच पुन्हा...

"हिरवा..."

खाली बाबांची खाट करकरली.

त्याने प्लग उपसला आणि जिन्यावरून धावला. कित्येक महिने कुशीवर न वळलेले बाबा पाय खाली सोडून बसले होते. नजर छताकडे, ओठ विलग.

"बाबा, बोलू नका."

"थांबलाय रे तो... किती ताटकळत ठेवू?"

"उत्तर दिलंत तर तुम्हाला घेऊन जाईल तो."

"मी नाही म्हटलं तर गाडी तिथेच राहील..."

घड्याळजी त्यांच्या शेजारी बसला आणि त्याने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तळव्याखाली म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. तिसरी हाक आली ती जिन्यावरून नव्हे, अगदी कानाशी.

"हिरवा..."

त्याने हात आणखी दाबला. बाबांचा श्वास कोंडला, पण आवाज फुटला नाही. तरीही खोलीत कुणीतरी स्वच्छ, ठणठणीत म्हणालं,

"हिरवा."

तो शब्द आपल्याच तोंडून निघाला, हे त्याला जरा उशिराच उमगलं.

वर चाकं फिरू लागली. सावकाश, भरल्या गाडीची फिरावीत तशी.

बाबांनी त्याचा हात बाजूला केला. डोळे भरून आले होते. "तू कशाला बोललास रे..."

वरचा आवाज बोगद्यात शिरल्यासारखा विरत गेला. तेवढ्यात बायको चहा घेऊन दारात आली. सासरे उठून बसलेले पाहून तिचा चेहरा उजळला. घड्याळजी कप घ्यायला उठला आणि तिची नजर त्याच्या मागे, चादरीवर गेली. तो बसला होता तिथे कोळशाचा काळाकुट्ट, ओलसर डाग उमटला होता.

"सकाळीच घातलीय ही," ती म्हणाली. "कुठे बसून आलात?"