एकेचाळिसावे केंद्र

‘दोन्ही जिल्ह्यांतील एकही गरजू रहिवासी मदत केंद्रापासून पाच किलोमीटरहून अधिक दूर नाही.’

हे वाक्य ‘आधारवाट’ नावाच्या सरकारी मार्गदर्शिकेच्या तिसऱ्या पानावर जाड ठशात छापलेले होते. खाली अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या एकेचाळीस केंद्रांचे पत्ते, आणि प्रत्येक पत्त्याशेजारी फलकाचा फोटो. निराधार, अंध, अपंग, नवऱ्याने टाकलेल्या बायका, म्हणजे ज्यांना कोणते दार ठोठावावे हेच ठाऊक नसते, त्यांना ते दार दाखवणारी ही यादी. वाक्य मोठे डौलदार होते. ते तपासण्याचे काम आकांक्षा इंगोलेकडे आले आणि त्या डौलाचा एकेक सांधा निखळू लागला.

आकांक्षा अमरावतीच्या एका महाविद्यालयात समाजकार्य शिकवीत असे. वय एकोणतीस, वाचन अफाट, संयम बेताचा. आधारवाटच्या प्रकल्प कक्षाने तिला बाहेरची तपासनीस नेमले होते. तिने चार केंद्रे पाहावीत, उरलेल्यांचे फोटो पाहावेत आणि सही करावी, अशी अपेक्षा होती. विद्वानांकडून शासनाला बहुधा एवढेच हवे असते. ती मात्र सगळीकडे गेली.

चांदूर बाजारच्या पत्त्यावर पिठाची गिरणी निघाली. पापण्यांवरचे पीठ पुसत गिरणीवाल्याने विचारले, “मदत? कायची मदत? दळन टाकाचं हाय का?” नांदगाव पेठेत एका कारखान्याची मागची भिंत होती. मोझरीच्या अलीकडे तर भिंतही नव्हती, पऱ्हाटीचे वावर होते, आणि कापूस वेचणारी एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “केंद्र? माय वं, अठी त फक्त बोंडअळी हाय.”

पाच किलोमीटर कुठून मोजले हे विचारायचे, तर आधी मोजपट्टीचे दुसरे टोक सापडायला हवे होते. चाळीस पत्ते झाले. चाळीसही पत्त्यांवर केंद्र नव्हते.

एकेचाळिसावे अकोल्यात होते, डाबकी रोडच्या मागल्या एका गल्लीत. डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी ती रिक्षातून उतरली आणि जागच्या जागी थांबली.

फलक होता. लाकडी, निळा, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला, पण खरोखरचा. त्याच्याखाली एका साध्या घराच्या ओसरीवर आठ-दहा माणसे कागदपत्रांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. पायरीवर एक तरुण गुडघ्यावर पाटी ठेवून कुणाचा तरी अर्ज भरत होता. चाळीस खोट्या पत्त्यांनंतर खरा पत्ता समोर आला की माणसाला आनंद होत नाही. धक्का बसतो.

“लाईनीत बसा, मॅडम,” तो मान वर न करता म्हणाला. “चा लाईनीतच भेटते.”

“मी तपासणीला आले आहे. आधारवाटची.”

त्याचा पेन थांबला. चेहऱ्यावरून काहीतरी सरकन् उतरून गेले... तिला तो लाजाळूपणा वाटला. माणूस फार वाचला की त्याला चेहरे वाचता येतात, असा तिचा समज होता.

“तपासनी... मंग त चा आधीच घ्या,” तो म्हणाला. “मागून कडू लागन.”

त्याचे नाव गजेंद्र गावंडे. प्रकल्प कक्षातच कंत्राटावर संगणक चालवायचा. गुरुवारी सुटी, आणि रोज सकाळी दोन तास तो या ओसरीवर बसायचा. त्याची आई सुभद्रा आतून चहा पाठवीत होती. आकांक्षाने वही काढली आणि ऐकत राहिली. डोळ्यांच्या दाखल्याचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात. तहसिलीत जेवणाच्या सुटीनंतर कोणत्या खिडकीवर जाऊ नये. वयाचा पुरावा नसला तर कोणत्या शाळेत जुना दाखला निघू शकतो. कोणते वसतिगृह मुलीला वर्षाच्या मध्यातही घेते... त्याला सारे तोंडपाठ होते.

“हे सगळं कुठे लिहिलेलं आहे?” तिने विचारले.

“कुठंच नाई. म्हनून त चालून राहिलं.”

ती हसली. गेल्या चाळीस पत्त्यांत ती एकदाही हसली नव्हती.

रांगेत हलीमाबी होत्या. बाळापूरकडच्या. उभा जन्म गाद्यांचा कापूस पिंजण्यात गेला आणि आता नजर गेली होती. त्यांनी हसणे ऐकले आणि आवाजाच्या दिशेने मान वळवली. “बेटी, ह्या पोराचं लगीन झालं नाई. लिवून घे तुह्या कागदात.”

“चाची, तपासनीत असं लिवत नाई,” सुभद्रा दारातून म्हणाली.

“मंग कायची तपासनी!”

गजेंद्रचे कान लाल झाले. आकांक्षाने वहीत डोके घातले, पण त्या पानावर तिने काहीच लिहिले नाही.

पुढच्या गुरुवारी तिला अकोल्याला जाण्याचे काहीही कारण नव्हते. तिने दौऱ्याच्या कागदावर ‘पुनर्भेट आवश्यक’ असे लिहिले. शासकीय भाषेबद्दल तिला आयुष्यात प्रथमच कृतज्ञता वाटली.

जाताना तिने चांदूर बाजारची संत्री नेली. रांग ओसरल्यावर दोघे पायरीवर बसले. तो संत्रे सोलत होता, फोडीवरचा एकेक पांढरा धागा काढून फोड तिच्या तळहातावर ठेवत होता.

“इतकं साफ करायची गरज नाही, गजेंद्रभाऊ.”

“एक इनंती हाय.” त्याने पुढची फोड हातातच धरली. “भाऊ सोडून काईबी म्हना.”

“सगळे तुम्हाला भाऊच म्हणतात की.”

“सगळ्यायले म्हनू द्या नं. थे का तपासनीले येतात?”

“मग काय म्हणू... अर्जदार?”

“म्हना. अर्जदाराले निदान उत्तराची आशा असते.”

ती फोड तिने घेतली. बोटे क्षणभर बोटांवर राहिली — तपासणीत न बसणारा वेळ. डिसेंबरचे ऊन पायरीवरून उतरून गल्लीत गेले होते, तरी दोघांपैकी कुणी उठले नाही.

तिसऱ्या गुरुवारी हलीमाबींना घेऊन दोघे दवाखान्यात गेले. चाचींचा एक हात त्याच्या हातात, दुसरा तिच्या. त्याच्या अंगात मरून स्वेटर होता. उजव्या कोपरावर सुभद्राने पिवळ्या लोकरीने रफू केले होते, कारण मरून लोकर घरात नव्हती. रांगेत उभे असताना आकांक्षा त्या पिवळ्या ठिपक्याकडे इतका वेळ पाहत राहिली, की तो म्हणाला, “मॅडम, फाटकं दिसून राहिलं का?”

“नाही,” ती म्हणाली. “शिवलेलं दिसतंय.”

डॉक्टरांनी चाचींना तपासले. दाखला तीन आठवड्यांनी मिळेल, असे सांगितले. परतीच्या एसटीत मूर्तिजापूरपर्यंत आकांक्षा खिडकीच्या काचेत स्वतःचाच चेहरा पाहत होती. त्या चेहऱ्यावर, एका संशोधिकेला न शोभणारे, काहीतरी होते.

आणि रविवारी दुपारी तिने अहवालाच्या परिशिष्टात फोटो चिकटवायला घेतले.

मोझरीच्या फलकाचा डावा कोपरा उडालेला होता. चांदूर बाजारच्याही. तिने भिंग आणले. नांदगाव पेठ... तोच टवका, तोच निळा रंग. एकेक करत एकेचाळीस फोटो तिने फरशीवर मांडले. एकेचाळीस केंद्रे नव्हती. एकच फलक होता, जो कुणीतरी गावोगाव नेऊन टांगला, टिपला आणि काढला. तेविसाव्या फोटोत कडेला मोटारसायकलचा आरसा आला होता. आरशात फोटो काढणाऱ्याचे तोंड मोबाइलमागे दडले होते. कोपर दडले नव्हते. मरून, आणि त्यावर पिवळा ठिपका.

न्यायवैद्यक शास्त्राला बोटांचे ठसे लागतात. प्रेमात पडलेल्या बाईला कोपर पुरते.

ती किती वेळ फरशीवर बसून होती, हे तिला नंतरही सांगता आले नाही. रडू आले नाही. डोक्यात एकच हिशेबी प्रश्न फिरत होता : पत्ता वाचून, उधार-उसनवार करून, किती माणसे त्या गिरणीपर्यंत, त्या भिंतीपर्यंत, त्या वावरापर्यंत चालत गेली असतील?

चौथ्या गुरुवारी ती अकोल्याला पोचली तेव्हा रांग संपत आली होती. तिने फोटो पायरीवर ठेवला.

“हा फलक किती गावं फिरला?”

त्याने फोटोकडे पाहिलेही नाही. “चाळीस. मंग अठी.”

“म्हणजे हे केंद्रसुद्धा...”

“यादीत छापलं, पन खरं हेबी नाई, मॅडम. मंजुरी नाई, काई नाई. हे आमचं घर हाय.”

एकमेव खरे केंद्रही खोटे होते.

“मला का सांगितलं नाहीत?”

“पयल्याच दिवशी सांगनार होतो. मंग तुमी हसल्या...”

“मी हसले म्हणून?”

“हो नं. मले वाटलं, एक गुरुवार अजून. मंग अजून एक.”

“सोमवारी माझ्या अहवालावर सुनावणी आहे. मी लिहिणार आहे, गजेंद्र. सगळं. तुमची नोकरी जाईल. गुन्हाही दाखल होऊ शकतो. आणि हा फलक खोटा ठरला, तर ही माणसं उद्यापासून कुठे बसतील, हे मला माहीत नाही. नाही लिहिलं, तर उरलेली चाळीस ठिकाणं छापलेली राहतील, आणि माणसं चालत राहतील.”

“लिहाच,” तो म्हणाला. “न लिहाल त मी तुमाले चा देनार नाई.”

“थट्टा करू नका!”

“थट्टा नाई करून राहिलो.” त्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत सरळ पाहिले. “म्या जबाब लिहून देतो. माह्याच हातानं. तोंडानं सांगाले गेलो त... अर्धं राह्यते.”

सोमवारी अमरावतीत सुनावणी झाली. प्रकल्प संचालक खुर्चीत रेलून म्हणाले, “मॅडम, फोटो आहे म्हणजे केंद्र आहे. प्रणाली फोटोशिवाय नोंद घेतच नाही.” एवढी प्रांजळ मूर्खता सहसा ऐकायला मिळत नाही, आकांक्षाने ती शब्दशः टिपून घेतली. मग एकेचाळीस फोटो टेबलावर मांडले, प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यावर लाल वर्तुळ. समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि गजेंद्रचा बंद पाकिटातला जबाब तिच्याकडे सरकवला. “आपणच वाचा.”

तिने वाचला. शेवटच्या रकान्यापाशी तिने पाणी मागितले.

पुढचे थोडक्यात सांगता येते. मार्गदर्शिका मागे घेतली गेली. गजेंद्रची नोकरी गेली, आणि खटला अजून चालू आहे. संचालकांची बदली झाली. शासनात तिला शिक्षा म्हणतात. महाविद्यालयाने डाबकी रोडमागच्या त्या ओसरीला आपल्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य केंद्र म्हणून मान्यता दिली. त्या ठरावासाठी आकांक्षा प्राचार्यांशी सहा दिवस भांडली. सातव्या दिवशी गुरुवार होता. ती अकोल्याला गेली. दौऱ्याच्या कागदावर कारण लिहिले नाही, कारण कागदच भरला नाही. आणि रांगेतल्या सर्वांदेखत तिने गजेंद्रला जे उत्तर दिले, ते ऐकून हलीमाबींनी सुभद्राकडे साखर मागितली.

जबाब मात्र मुळातूनच वाचावा. तो असा :

“मी, गजेंद्र महादेवराव गावंडे, वय एकतीस, लिहून देतो की केंद्रे सुरू नव्हती. फोटो जागेवरूनच घ्यावा लागे. ‘केंद्र नंतर होईल, फोटो आधी पाहिजे,’ असे साहेब म्हणाले. मी नाही म्हणू शकत होतो. म्हणालो नाही. एक फलक रंगवून घेतला, मोटारसायकलला बांधला आणि बारा दिवसांत चाळीस ठिकाणी टांगून फोटो घेऊन काढला. शेवटच्या ठिकाणी जायचा कंटाळा आला, म्हणून तो स्वतःच्या घरी लावला आणि यादीत पत्ताही घराचाच दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी काढायला गेलो, तर त्याच्याखाली एक आंधळी बाई बसली होती. कुणीतरी तिला फलक वाचून दाखवला होता. तिने विचारले, बेटा, हे कधी उघडते? मी म्हणालो, उघडलेच आहे. तेव्हापासून बंद करता आले नाही.

“आणखी काही सांगायचे आहे काय? : होय. तपासनीस बाई दुसऱ्यांदा आल्या, तेव्हाही मी खरे सांगितले नाही. सांगितले असते तर त्या तिसऱ्यांदा आल्या नसत्या. माझे त्यांच्यावर प्रेम आहे. त्याचा अहवालाशी संबंध नाही आणि त्यांनी माझ्यासाठी एकही शब्द बदलू नये. बदलला, तर ज्या बाईवर प्रेम केले ती ही नव्हे, असे मी समजेन.”