खाऱ्या पाण्याचे सहा ससे

माझं काम मोजायचं. सकाळी साडेनऊला इन्क्युबेटरमधून प्लेटा काढायच्या, खिडकीजवळच्या टेबलावर बसायचं आणि त्यांच्यावर उगवलेले जंतूंचे ठिपके मोजायचे. एकवीस वर्षं हेच करते आहे आणि मला ते मनापासून आवडतं. ठिपके कमी, म्हणजे लस टोचलेल्या सशाच्या रक्तानं जंतू मारले. ठिपके खच्चून भरलेले, म्हणजे नाही मारले. यात कुणाच्या मताला जागा नाही. आमच्या घरी पडदा कुठल्या रंगाचा घ्यायचा यावरही चार मतं असतात, त्यामुळे टेबलापाशी बसलं की मला सुट्टीवर आल्यासारखं वाटतं.

ज्या लसीवर आमचं काम चाललं होतं ती तान्ह्या बाळांसाठी होती. हा जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला, की सकाळी हसणारं बाळ संध्याकाळी हाताला लागत नाही. त्याच्या अंगावर साखरेचं पांघरूण असतं आणि ती साखर आपल्या शरीरातल्या साखरेशी इतकी मिळतीजुळती, की बाळाचं शरीर त्याला घरचाच समजतं. नुसती साखर टोचून भागत नाही. ती एखाद्या परक्या प्रथिनाला जोडली, की शरीर दचकतं आणि दोघांनाही लक्षात ठेवतं. अशा जोडलेल्या लसीला कॉन्जुगेट म्हणतात. जोडणी वरच्या मजल्यावर व्हायची, तपासणी माझ्याकडे.

अठरा ससे होते. सहांना जोडलेली लस, सहांना नुसती साखर, सहांना नुसतं खारं पाणी. खाऱ्या पाण्याच्या सशांच्या रक्तात काहीही सापडता कामा नये. सापडलं, तर बाकीच्या आकड्यांना अर्थ उरत नाही आणि बाळांवरची चाचणी लांबणीवर पडते. उशीर झाला तर वर्षाला किती बाळं जातील, तो आकडा आमच्या विभागप्रमुख बाईंनी कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला चिकटवला होता.

त्या सहाही सशांच्या रक्तानं जंतू मारले.

आधी मी स्वतःला दोष दिला. नव्यानं सगळं केलं. तेच. मग सशांच्या कानावरचे नंबर तपासले, बाटल्या तपासल्या, खाऱ्या पाण्याची पेटीच बदलली. विभागप्रमुख बाई चष्मा कपाळावर ढकलून माझ्या प्लेटांकडे बघत राहिल्या.

“अदलाबदल झाली असणार,” त्या म्हणाल्या.

“सहाच्या सहा?”

“मग तू सांग.”

नवे अठरा ससे आणले. पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला मात्र सगळं सुरळीत झालं. लसीच्या सशांचं रक्त उत्तम आणि खाऱ्या पाण्याच्या सशांच्या प्लेटा ठिपक्यांनी गच्च. मी इतकी खूश झाले, की घरी जाताना स्वतःसाठी फुलं घेतली. जेवताना सहज मनात आलं, की या खेपेला वेगळं काय होतं? एकच गोष्ट वेगळी होती. आबा दीड महिना रजेवर होते, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी.

आबा म्हणजे सशांचं बघणारे. त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. निवृत्तीला काही महिने उरलेले, उंच, किंचित वाकलेले, पायात कायम रबरी बूट. सशांची खोली तळमजल्यावर मागच्या अंगाला होती. सुक्या गवताचा वास, एक्झॉस्ट पंख्याची घरघर आणि मोठ्या काचेतून आत येणारं ऊन. आबा असले, की त्या खोलीत ससे भीतीनं पाय आपटत नसत.

पहिल्या दोन खेपा बिघडल्या म्हणून आणखी एकदा करून दाखवणं भाग होतं. या चौथ्या आणि शेवटच्या खेपेला आबा परत कामावर आले होते. टोचायच्या आदल्या दिवशी मी स्टूल घेऊन तिथं जाऊन बसले. काही शंका आहे असं दाखवलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. एकेक ससा उचलायचा, वजन करायचं, नखं बघायची. मग त्याला छातीशी धरून ते त्याच्या कानाशी तोंड नेत आणि काहीतरी बोलत. अर्धा मिनिट. ससा त्या वेळी अजिबात हलत नसे. त्याच्या नाकपुड्यासुद्धा थांबत.

लसीच्या पाचव्या सशानंतर मी विचारलं, “आबा, काय सांगता त्यांना?”

“कोण येणार आहे ते.”

“कोण येणार आहे?”

“वरती तुम्ही ज्याला मारता तो.” त्यांनी ससा पिंजऱ्यात ठेवला, कडी लावली. “तो घरच्यासारखा दिसतो मॅडम. पांघरूण लपेटून येतो. नावानं हाक मारतो. पण त्याच्या पावलांचा आवाज येत नाही. तेवढं सांगतो. आवाज आला नाही तर आत घेऊ नका म्हणतो.”

साखरेच्या पांघरुणाबद्दल त्यांच्याशी कधी कोणी बोललं होतं का, ते मी आठवू लागले. बोललं असेलही. इमारतीत सगळे तेच बोलतात.

“तुम्ही बघितलंय त्याला?”

ते बुटांवरचं गवत झटकू लागले.

“मी पाच वर्षांचा होतो. धाकटा भाऊ पाळण्यात. आई विहिरीवर. दुपारी दार वाजलं आणि मामाचा आवाज आला. मीच कडी काढली.”

“मग?”

“मामा नव्हता.”

पंखा घरघरत होता. मी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं. मग म्हटलं, “आबा, या खेपेला खाऱ्या पाण्याच्या सहांना काही सांगू नका. माझ्यासाठी.”

त्यांनी हातातलं गवत पिंजऱ्यात सारलं. मग म्हणाले, “बाळांचं काम लवकर होईल ना त्यानं?”

“होईल.”

“मग नाही सांगत.”

त्यांनी शब्द पाळला. सहाही सशांच्या प्लेटा गच्च भरल्या. बाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि कागदपत्रं पुढे गेली. पहिल्या दोन खेपा बिघडल्याचं कारण अहवालात ‘अज्ञात’ असं लिहिलं. ते खरंच होतं.

त्याच सुमाराला माझ्या लेकीला मुलगी झाली. लेक बाळंतपणाला माझ्याकडेच होती. घरभर दुपटी, झोपेचं खोबरं, आणि तरीही आम्ही सगळे हसतमुख. लस बाजारात यायला अजून अडीच वर्षं होती. हे मला रोज आठवायचं, बाळाला आंघोळ घालताना जास्तच.

निवृत्त झाल्यावर आबा एका सकाळी बाळाला बघायला आले. बूट नव्हते, चपला होत्या, त्यामुळे ते मला थोडे परके वाटले. चहा झाला. लेक आत कपडे वाळत घालत होती. आबांनी पाळण्यात पाहिलं, मग माझ्याकडे.

“सांगू का?”

अठरा वर्षं मी फक्त मोजता येईल त्यावर विश्वास ठेवला होता. मी बाळाला उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

“सांगा.”

ते खाली वाकले. ती हात-पाय झाडत होती, ती थांबली. तिच्या नाकपुड्या थांबल्या. मी मनातल्या मनात आकडे मोजले. तीसपर्यंत गेले. मग तिनं मोठ्ठी जांभई दिली आणि आम्ही दोघंही हसलो.

तिचं रक्त मी कधी तपासलं नाही. हातात सगळं होतं, तरी तपासलं नाही.

पुढं लस आली. नातीलाही टोचली. फ्रीजवरचा कागद बाईंनी स्वतःच्या हातानं काढला आणि त्या दिवशी आम्ही दुपारनंतर कुणीच काम केलं नाही. आबा आपल्या मुलीकडे राहायला गेले. बरं चाललंय असं कळवतात.

नात आता तीन वर्षांची आहे. लेक कामावर गेली, की ती माझ्याकडे असते. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण आपलं दहा दिवसांचं बाळ घेऊन वर आली. इतक्या लहान बाळाला लस देत नाहीत. शेजारणीनं बाळाला चटईवर ठेवलं. नात त्याच्यापाशी पालथी झाली, त्याच्या कानाला तोंड लावून बराच वेळ कुजबुजली. बाळ हललं नाही.

“काय गं गुपित?” शेजारीण हसली.

मी बाळाला घ्यायला हात पुढे केले, तशी नात मधे येऊन उभी राहिली.

“आजी, तू नको घेऊ.”

“का गं?”

“तुझ्याकडे तो बसलाय.”

शेजारणीला वाटलं, नातीला हेवा वाटतोय. मीही तसंच म्हणाले आणि हात मागे घेतले.

मोठ्या माणसांच्या घशात हा जंतू कधी कधी महिनोन्‌महिने मुकाट बसून असतो. त्या माणसाला काही होत नाही. त्यानं तान्ह्या बाळाचा पापा घेतला, तर मात्र सांगता येत नाही. हे मला पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या घशातला नमुना प्लेटवर लावला.

त्याच्या पुढच्या सकाळी सत्तेचाळीस ठिपके होते. ओलसर, चकचकीत.

मी गोळ्या घेतल्या. घाबरण्यासारखं काही नव्हतं, हा साधा उपचार आहे. नंतरचे तीनही नमुने स्वच्छ आले, आणि तिसरा आला त्या दिवशी मी गाणं गुणगुणतच घरी आले. नातीला कडेवर घेतलं, तिला सांगितलं, की आजी एकदम ठणठणीत आहे.

तिनं माझ्या गळ्याला कान लावला. थोडा वेळ ऐकलं.

मग माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल आजी,” ती म्हणाली. “झोपलाय.”