काकूची कोंबडी कोणती?

"लंबू, तू दारापाशी थांब, मी मागून हाकलते," भिंगरी म्हणाली. कोंबडीने दोघांचा बेत ऐकून घेतला आणि ती लंबूच्या डोक्यावरून थेट छपरावर गेली. सुट्टीत काकूच्या मळ्यावर आलेली ही चुलत भावंडं एका कोंबडीमागे अर्धी सकाळ नाचत होती.

ती हाती लागली तेव्हा फाटकात हेडसर उभे होते. सुट्टीतल्या मोठ्या जेवणासाठी ते दर वर्षी काकूकडूनच कोंबड्या नेत.

"यंदा नकोत," ते म्हणाले. "चौकातल्या दुकानातून तुमच्याच कोंबड्या दोनदा नेल्या. अगदी बेचव निघाल्या."

"अहो, मी त्या दुकानाला कोंबडी कधी दिलीच नाही!" काकू म्हणाली. पण सर निघून गेले होते. गिऱ्हाइकं अशीच एकेक करून तुटली होती. शेवटी काकूने सगळ्या कोंबड्या विकायचं ठरवलं होतं. उद्या टेम्पो यायचा होता. भिंगरीला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

दोघं चौकात गेली. दुकानावर पाटी होती, 'मळ्यातल्या काकूंच्या कोंबड्या'. दुकानदाराने वाकून एक कोंबडी बटाट्यासारखी उचलली आणि तराजूत ठेवली. ती तिथेच बसून राहिली.

"काकूची कोंबडी अशी बसेल?" भिंगरी कुजबुजली.

"बसेल की. दुकानदाराच्या डोक्यावर," लंबू म्हणाला.

संध्याकाळी ऐन गर्दीत दोघं परत आली. लंबूच्या काखेत काकूची कोंबडी होती आणि मागे हातापाया पडून आणलेले हेडसर.

"काका, या काकूच्याच ना? मग जाळी उघडू नका हं, पळतील," भिंगरी म्हणाली.

"छे! माझ्या कोंबड्या शहाण्या आहेत," दुकानदाराने फुशारकी मारली आणि जाळी सताड उघडली. कोंबड्या दोन पावलं चालल्या आणि धापा टाकत बसल्या.

लंबूने काख सैल केली. त्याची कोंबडी तराजू उलथवून, दुकानदाराच्या खांद्यावर पाय देऊन पाटीवर चढली. दुकानदार आणि तीन गिऱ्हाइकं तिच्यामागे धावली.

"सर, यातली काकूची कोणती?" भिंगरीने विचारलं.

"विचारायला नको," हेडसर म्हणाले. जमलेली माणसं हसू लागली, तसा दुकानदाराचा चेहरा खर्रकन उतरला. पाटी त्यालाच काढावी लागली.

सर तडक मळ्यावर आले. "चूक माझी झाली. चार कोंबड्या द्या. आणि पोरं मात्र पक्की हुशार आहेत तुमची."

काकूने टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवलं. मग खुडूक कोंबडीखाली हलक्या हाताने अंडी ठेवत ती भिंगरीला म्हणाली, "आता पिल्लं निघाल्याशिवाय घरी जायचं नाही हं."