दौलतकाकांची पाचवी तार

ही गोष्ट आमच्या घरातली आहे. मित्राच्या मित्राची नाही आणि कुठं वाचलेलीही नाही. ज्यांना भुतं फक्त अमावास्येला, वडाच्या झाडावर भेटतात त्यांनी खुशाल दुसरं काहीतरी वाचावं. आमच्याकडे जे झालं ते दिवेलागणीला झालं. लालबागच्या भरल्या चाळीत, शेजारी स्टोव्ह फरफरत असताना.

साल त्र्याऐंशी. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं.

दौलतकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मिलमध्ये विणकर. त्यांची बायको सुभद्राकाकी आणि एकुलती एक मुलगी बकुळा. मला हे सगळं काकीनंच सांगितलं. काकी कशी होती सांगू? देवाचंही चुकलं तर त्यालाही खडसावायची. अशी बाई थापा मारत नाही.

काकांकडे एक बँजो होता. मिरवणुकीत बटणं दाबून वाजवतात तो नव्हे. हा विलायती. गोल तोंड, त्यावर डफासारखं ताणलेलं चामडं, लांब मान आणि पाच तारा. गोदीतल्या कुणा खलाशानं तो गिरगावात खोताच्या वाडीत राहणाऱ्या पास्कूअंकलला दिला होता. पास्कूअंकलनं काकांना आधी वाजवायला शिकवलं आणि मग बँजोच देऊन टाकला. गंमत बघा, त्या विलायती वाद्यावर काका वाजवायचे काय, तर गणपतीत गोल धरून नाचतात त्या जाखडीच्या जुन्या चाली!

वाजवायची रीतही उलटी. मूठ अर्धी मिटायची, नखानं तारेवर वरून खाली मारायचं आणि लगेच अंगठा पाचव्या तारेवरून सोडायचा. ती तार सगळ्यांत आखूड. तिला डावा हात कधी लागत नाही. चाल कुठलीही असो, तिचा सूर एकच.

ढुम्... टिक-टिं. ढुम्... टिक-टिं.

"आमच्या मागाचा ठेका हाय हा," काका म्हणायचे. "धोटा गेला, धोटा आला."

संपात माग थांबले. भोंगा थांबला. काकांचा अंगठा तेवढा चालू राहिला. देवापुढे दिवा लागला की बँजो खाली यायचा.

"डब्यात पीठ नाय आणि ह्यांची टिंगटिंग!" काकी करवादायची. तरी हातातलं काम टाकून ऐकत बसायची. बकुळा बापाच्या मांडीला टेकून त्याच्या अंगठ्याकडे बघत राहायची.

शेवटी काका रे रोडच्या एका वखारीत ओंडके उचलायला जाऊ लागले. विणकराचे हात ते, त्यांना सूत माहीत. एका दुपारी लाकडांची थप्पी घसरली.

त्याच दुपारी काकी घरात तांदूळ निवडत होती. पोर शाळेत. खिळ्यावर टांगलेल्या बँजोतून एकदम आवाज आला...

टण्णकन.

उंदीर असेल म्हणून काकीनं भिंतीवर लाटणं आपटलं. मग वर बघितलं. पाचवी तार तुटून लोंबत होती.

वखारीतला माणूस निरोप घेऊन त्यानंतर आला.

दहाव्याला सगळे बाणगंगेला गेले. बायका सहसा जात नाहीत, पण काकीला अडवणार कोण? पिंड मांडला. कठड्यावर कावळ्यांची रांग होती. एकही खाली उतरेना.

माझ्या वडिलांनी हात जोडले. "दादा, वैनीला आणि पोरीला मी उपाशी ठेवणार नाय."

कावळे बसून राहिले.

"बकुळाचं लगीन मी लावून देईन."

एक कावळा मान वळवून दुसरीकडे बघायला लागला. ऊन तापलं. गुरुजींनी दर्भ हातात घेतले. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि उरकतात. काकीला ते सहन होईना. तिचा माणूस असा अडकून राहायचा आणि हे गवताचा कावळा लावून घरी जेवायला जाणार!

ती पुढं झाली आणि ओरडलीच, "तुमची चाल आपल्या घरात थांबणार नाय! बकुळा वाजवील! रोज वाजवील! आता तरी जावा!"

शब्द पुरा व्हायच्या आत कावळा पिंडावर आला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काकी रडली. पोरीच्या नावानं आपण काय कबूल केलं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

घरी आल्यावर मात्र तिला तो बँजो डोळ्यांपुढं नकोसा झाला. बकुळा त्याच्याखाली जाऊन हात वर करायची, आणि काकी तिला ओढून बाजूला न्यायची. शेवटी तिनं बँजो काकांच्या धोतरात गुंडाळला आणि गिरगावात नेऊन पास्कूअंकलच्या हवाली केला.

"पोर मोठी होऊ दे. मग बघू," ती म्हणाली.

त्याच दिवशी संध्याकाळी तिनं देवापुढे दिवा लावला...

टिं.

तिनं वर बघितलं. भिंतीवर नुसता खिळा.

टिं... टिं...

बाकीच्या तारा नाहीत, चाल नाही. नुसती पाचवी तार.

इतक्यात शेजारच्या कमळाबाई दारात आल्या. "सुभद्रे, दौलत आज लवकर आला गो?" एवढं बोलल्या आणि तोंडाला पदर लावून तशाच मागे गेल्या. त्यानंतर दिवेलागणीला त्या काकीच्या दारावरून कधी गेल्या नाहीत.

त्या रात्री बकुळा जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. अंगात ताप भरला. डॉक्टर झाले, मोठं हॉस्पिटल झालं. रक्तात काही दोष नाही म्हणाले. पोर वाळत चालली. आणि झोपेत तिचा उजवा अंगठा हलायचा... आतून बाहेर. आतून बाहेर. काकीनं तो मुठीत धरून बघितला. सोडला की पुन्हा सुरू. अंगठ्याची कड सोलून निघाली होती. बापाची तशीच असायची.

माझ्या वडिलांनी अंगारा आणला. काकीनं उंबऱ्यावर नारळ फोडला. काकांच्या फोटोपुढं बसून ती त्यांना वाट्टेल ते बोलली. मग त्याच फोटोच्या पाया पडली. काही फरक नाही.

मग एका दुपारी बकुळानं डोळे उघडले. तिला धड बोलता येत नव्हतं.

"आये, बाबा मला म्हणतायत, 'तू नाय वाजवत तर माझ्याकडे येऊन वाजव.'"

काकीला आता कळलं. तिनं पोरीला कमळाबाईंच्या सुनेच्या ओटीत टाकलं आणि अनवाणी निघाली. लालबागपासून गिरगावापर्यंत तिनं बस बघितली नाही, सिग्नल बघितला नाही. एकच धसका होता. दिवे लागायच्या आत परत यायचं.

पास्कूअंकल लाकडी जिन्यावर बसला होता. काकीला बघून उठला.

"आयलीस, बाय? मी तुलाच निरोप धाडणार होतो." म्हातारा घाबरलेला दिसत होता. "ह्याला काय झालंय गो?"

त्यानं बँजो मांडीवर घेतला. पहिल्या तारेवर नख मारलं.

काही नाही.

दुसरी, तिसरी, चौथी मारली. तारा थरथरताना दिसत होत्या. आवाज... नव्हता. चामड्यावर टिचकी मारली, तीही मुकी.

"तू दिलास तवापासून असा," तो म्हणाला. "आवाज कुठं गेला ह्याचा?"

काकीला ठाऊक होतं कुठं गेला ते. तिनं बँजो त्याच्या हातातून ओढलाच. तो पेटीतून नवी तार शोधू लागला. "थांब, पाचवी लावून देतो!" पण ती वाडीच्या बाहेर पोचलीसुद्धा.

ती चाळीत आली तेव्हा जिन्यातला दिवा लागला होता. खोलीतून आवाज येत होता. टिं... टिं... टिं... फार घाईचा. कमळाबाईंची सून बकुळाला छातीशी धरून रडत होती. पोरीचे ओठ काळेनिळे. श्वास कळत नव्हता.

काकीनं बँजो बकुळाच्या मांडीवर ठेवला. तिची निर्जीव बोटं तारांवर टेकवली.

"घ्या! आणला!" ती फोटोकडे बघून किंचाळली. "चुकले मी! वाजवील ती, पण हिथं वाजवील! माझ्यापाशी! तिला नेऊ नका हो... पाया पडते... नेऊ नका..."

आवाज थांबला.

खोली गपगार.

मग बकुळाची मूठ अर्धी मिटली. नख तारेवर पडलं, वरून खाली.

ढुम्... टिक-टिं.

पोरीला कुणी कधी शिकवलं नव्हतं. तरी काकांची जाखडीची चाल जशीच्या तशी निघाली. काकीनं आधी पोरीचा चेहरा बघितला, तिच्या गालावर रंग येत होता. मग तिची नजर हातावर गेली.

अंगठा पाचव्या तारेच्या जागी पडत होता. तिथं तार नव्हती. तो रिकाम्या हवेत पडायचा...

आणि ती वाजायची.

चाल संपली तेव्हा ताप उतरला होता. बकुळानं भात मागितला.

पुढची सगळी वर्षं मी स्वतः बघितली आहेत. चाळ पडली, टॉवर आला, मिलच्या जागी काचेची दुकानं आली. बकुळाताई मात्र रोज दिवेलागणीला वाजवत राहिली. तिचं लग्न झालं नाही. रोज संध्याकाळी घरीच असायला हवं म्हणणारी बायको कोण करणार? काकी गेली त्या दिवशी आईचं प्रेत घरात असताना तिनं बँजो काढला. लोकांनी शेण घातलं तोंडात. ती वाजवत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आम्ही तिला दोनदा पाचवी तार लावून दिली. सकाळी तुटलेली सापडायची.

गेल्या महिन्यात बकुळाताईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला.

मी हॉस्पिटलात भेटायला गेलो. तोंड वाकडं झालंय, बोललेलं कळत नाही. पण तिनं डाव्या हातानं माझा शर्ट धरला आणि तेच तेच म्हणत राहिली. तिसऱ्यांदा मला कळलं.

"जुईचा हात बघ."

जुई माझी मुलगी. आम्ही दादरला राहतो. तिनं तो बँजो कधी हातातही घेतलेला नाही. मी ताईला म्हटलं, असलं काही बोलू नकोस. जरा जोरातच म्हटलं. आता वाईट वाटतं. पण काकीनं दहाव्याला काय म्हटलं होतं ते मला पाठ आहे. आपल्या घरात थांबणार नाही, असं म्हटलं होतं. घरात आता पोर म्हणावी अशी एकच आहे.

परवा संध्याकाळी बायकोनं देवापुढे दिवा लावला. आतून तिनं मला विचारलं, "कुणाचा फोन वाजतोय बघा हो... नुसतं टिं टिं करतोय."

माझा फोन माझ्या हातात होता. बंद.

जुई टेबलाशी अभ्यासाला बसली होती. उजवा हात वहीवर पालथा पडलेला. मी तिच्या अंगठ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

बँजो अजून लालबागला ताईच्या खोलीत आहे. किल्ली माझ्याकडे आहे. तुम्ही म्हणाल, आणू नकोस, त्या घरात पाऊलसुद्धा टाकू नकोस. कालपर्यंत मीही हेच म्हणत होतो.

आज जुई जेवली नाही. पोट भरलंय म्हणाली.